बॅटरीची आंघोळ

सकाळी सहाला आम्ही सातारा सोडला तो शेजारच्या चौघांच्या धक्क्यावर. आमची डिझेल गाडी जुनी, तीन वर्षांपूर्वी गल्लीतल्याच एका गुरुजींकडून घेतलेली. किल्ली फिरवली की 'टक्' एवढंच म्हणायची. कोल्हापूरजवळच्या कोडोलीला बारा वाजता माझ्या भाचीचं, सुजाताचं, लग्न होतं आणि तिची पांढरी साडी मागच्या सीटवर होती. साडी पोचल्याशिवाय नवरी विहारात येणार नव्हती.

"पोचेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही," मी नवऱ्याला, प्रकाशला, बजावलं.

शिरोली एमआयडीसीजवळ मिसळीचा वास आला. प्रकाशनं गाडी थांबवली आणि सवयीनं किल्ली काढून खिशात टाकली. मिसळ उत्तम होती, हे कबूल करते. कट (तिखट रस्सा) मागाल तितका. पण मी ते बोलले नाही, नुसतीच खाल्ली.

बाहेर येऊन किल्ली फिरवली. टक्. नेमकी शेजारच्या फाउंड्रीची पाळी सुटली होती. आठ-दहा कामगार गाडीभोवती जमले. बॉनेट उघडलं. बॅटरीवर गुरुजींनी दर खंडेनवमीला वाहिलेल्या हळदीकुंकवाचा बोटभर थर होता. आमच्या घरात पूजाअर्चा नाही, पण "दुसऱ्याची श्रद्धा आपण कशाला पुसायची?" असं म्हणत प्रकाशनं तीन वर्षं तो जपला होता. कामगारांनीही बॅटरीला हात जोडले आणि बाकी सगळीकडे बोटं घातली.

"पावणं (पाहुणे), हीटर गेलाय बगा."

"हीटर न्हाय रं, डिझेलनं हवा धरलीया!"

"हीटर डिझेल पेटवायला असतो. तो गेला तर इंजिन फिरतं, पेटत नाही," मी म्हटलं. "हे तर फिरतच नाही."

"व्हय की!" एकजण म्हणाला. "मग ढकला की, बगताय काय?"

ढकलली. सुरू झाली. निघताना त्यांनी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आनंदा मिस्त्रींचा पत्ता दिला.

आनंदा मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, बॅटरीला दोन बोटं लावून कपाळाला नेली आणि मी "नको!" म्हणेपर्यंत इंजिन बंद केलं.

"आवाज ऐकाय नको व्हय?" ते म्हणाले. किल्ली फिरवली. टक्. "स्टार्टर खोलाय लागंल. दोन तास."

साडेदहा वाजले होते. मी त्यांना पुन्हा किल्ली फिरवायला लावली आणि डॅशबोर्डकडे पाहत राहिले. 'टक्' झालं की तिथले दिवे पार विझत होते. स्टार्टर मागतोय तेवढी वीज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

"बॅटरीची क्लिप काढा," मी म्हटलं.

मिस्त्री जागचे हलले नाहीत. "वैनी, पूजा हाय ती."

"पूजा झालेली आहे. त्याआधीची आंघोळ राहिलीय."

त्यांच्या मंडळींनी आमच्यासाठी चहाचं आधण ठेवलं होतं. ते उकळतं पातेलं मागून घेतलं. पाना घेऊन क्लिपा मीच सोडवल्या आणि पाणी ओतलं. लाल चिखल गेला आणि खाली क्षाराची हिरवी-पांढरी बुरशी निघाली, इडलीएवढी. घासून पुसून क्लिपा आवळल्या. प्रकाश तोवर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"मला दिसलं हुतं की," मिस्त्री म्हणाले, "पर धाडस न्हाय झालं."

"आता चहा घ्या," त्यांच्या मंडळी म्हणाल्या आणि दुसरं आधण ठेवायला वळल्या. तो चहा आम्ही इंजिन चालू ठेवूनच प्यायलो, कारण विश्वास बसायला वेळ लागतो.

कोडोलीला पावणेबारा वाजता पोचलो. वधूपक्ष रस्त्यावरच उभा होता. सुजाता धावत आली. "आत्या, साडी?"

"माझ्याजवळ येऊ नकोस!" मी ओरडले. कोपरापर्यंत माझे हात कुंकवानं लाल होते. "मागच्या सीटवर आहे, तुझी तूच घे!"

पांढऱ्या साडीवर एक डाग पडला नाही. बाराला पाच मिनिटं कमी असताना ती नेसून तयार होती. त्रिसरण म्हणताना मी सगळ्यांत मागे, हात पदराखाली धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला परतलो. तीन वर्षं आम्ही, गल्ली, फाउंड्री आणि एक कसलेला मिस्त्री, सगळे मिळून त्या बॅटरीचा मान राखत होतो आणि गाडी ढकलत होतो. चांगुलपणानं किती घाम निघतो, हे मला कोल्हापुरात कळलं.

सोमवारी सकाळी गाडी काढायला गेले, तर शेजारचे चौघं बाह्या सरसावून उभे होते. मी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

चौघं जरा नाराज होऊन घरी गेले.