जाळ्याचं वाकडं घर

बाबा गेल्यापासून त्यांचं अर्धवट जाळं माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे. शेवटच्या ओळीतला दोरा गाठी सोडून सोडून पिंजला आहे. त्यातली एक गाठ माझ्या शब्दावर सुटली.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात उन्हाळ्यात तलाव आटला की मासे धरणारे सगळे ढिवर मिळून एकच मोठं जाळं ओढत. ते बाबा विणत. बांबूच्या पट्टीवर दोरा घेऊन गाठ मारायची. पट्टी एकच, म्हणून जाळ्याची घरंही, म्हणजे दोऱ्यांमधली भोकं, सारखी. त्या वर्षी मात्र बाबा विणलेलं पुन्हा सोडू लागले.

"भाऊ, जाळं इणून राह्यला का उसवून राह्यला?" शेजारच्या सोबत्याने टोमणा मारला.

"घरं वाकडे येऊन राह्यले," बाबा म्हणाले. "डाव्या डोयाले त वाकडेच दिसते."

बोटांना गाठ बरोबर लागत होती, पण त्यांनी डोळ्यावर विश्वास ठेवला. मी गावचा मास्तर, शिकलेला. तरी सगळ्यांसारखं मीही म्हणालो, मोतीबिंदू असेल, पिकू द्या. सकाळी त्या डोळ्यापुढे दाट धुकं असे, संध्याकाळी ते विरळ होई. आम्ही त्यालाच उतार समजलो आणि चार महिने वाट पाहिली.

शेवटी चांद्याला नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं.

"मोतीबिंदू नाही हा. आतल्या पडद्याची रक्तवाहिनी बंद झाली आहे. तुंबलेल्या शिरेतून पाणी झिरपून पडदा सुजलाय. झोपेत सूज वाढते. अशा पडद्यावर सरळ रेघ सरळ उमटत नाही."

"थे पाणी काढता येत नाई का, डॉक्टरसायेब?" बाबांनी विचारलं.

"नाही."

मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "रक्तदाब फार आहे. दुसऱ्या डोळ्यालाही असं दिसू लागलं, तर तोही चालला असं समजा."

बाबा डावा डोळा फडक्याने बांधून विणू लागले. घरं सरळ येत होती. हिवाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. डाव्या डोळ्यावर फडकं बांधलेलंच होतं, ते उजव्यानेच पाहत होते. जाळं उजेडापुढे धरून ते म्हणाले, "हे घर पाय बरं. वाकडं हाये ना?"

घर सरळ होतं. मापाची पट्टी अजून त्यातच होती.

"हो बाबा," मी म्हणालो, "जरासं वाकडं हाये."

"मंग ठीक. मले वाटलं, हा डोयाबी गेला." त्यांनी गाठ सोडली, सावकाश पुन्हा मारली, आणि जाळं पुन्हा माझ्यापुढे धरलं.