दुपारची बायकांची बॅच

नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षी, होळी झाल्यावर, मी नातीचं नाव पोहण्याच्या वर्गात घालायला गेले. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर वसाहतीचा हॉल आहे. सकाळी योगासनं, संध्याकाळी हार्मोनियम, सुट्टीत रांगोळीचे वर्ग असं काही ना काही तिथं चालू असतं. हॉलच्या मागं भिंतीआड पोहण्याचा एक लहानसा तलाव आहे. इतकी वर्षं त्या रस्त्यानं ये-जा केली, पण भिंतीपलीकडं पाणी आहे हे मला फक्त ऐकून माहीत होतं.

शिकवणारी मुलगी तिशीतली होती. डोक्याला रुमाल, गळ्यात शिटी. ती रोशनगेटकडून स्कूटीवर यायची आणि सगळ्या बायकांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

"बच्चों की बॅच तो फुल हो गई, खाला," ती म्हणाली. "दुपारी लेडीजची बॅच आहे, त्यात जागा आहे."

"अगं, नातीसाठी आलेय मी."

"तिला पुढच्या महिन्यात घेते ना. तुमचं नाव बोला."

आणि मी नाव सांगितलं. पस्तीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स होते, सगळे सिस्टर म्हणूनच हाक मारायचे. कुणी असं वही उघडून, पेन धरून नाव विचारलं की सांगून टाकावं वाटत असेल. नात माझ्या तोंडाकडं बघत राहिली. घरी येऊन तिनं आधी आजोबांना सांगितलं आणि मग सगळ्या गल्लीला.

सुनेनं गुलमंडीवरून पोहण्याचा ड्रेस आणून दिला, निळा, पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंत. तो घालून मी बाथरूममधल्या आरशासमोर बराच वेळ उभी होते. मिस्टरांनी बाहेरून विचारलं, "बरी आहेस ना?"

दुपारी दोनला तलावावर कुणी नसायचं. आम्ही दहा-बारा बायका आणि डोक्यावर उभं ऊन. पाण्याच्या तळाशी फिकट निळ्या फरश्या होत्या आणि त्यांच्यावर उन्हाचं जाळं हलत असायचं. काठाला एक लोखंडी दांडी होती. पहिल्या दिवशी मी छातीइतक्या पाण्यात उतरले, दोन्ही हातांनी ती दांडी धरली आणि पुढचे पंधरा दिवस सोडली नाही. बाकीच्या बायका पाय मारायला शिकल्या, तोंड पाण्यात घालायला शिकल्या. मी दांडी धरून इकडून तिकडं सरकायची. शिकवणारी मॅडम म्हणायची, "खाला, पानी को दुश्मन मत समझो." मी मान हलवायची आणि बोटं आणखी आवळायची.

दुसऱ्या आठवड्यात मागच्या गल्लीतली एक बाई आली. साठीची, उंच, पिशोरकडची. मुलगा वाळूजला कंपनीत लागला म्हणून घर इकडं आलेलं, शेती अजून दिराकडं. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं होतं. मी तिला अक्का म्हणू लागले. पहिल्या दिवशी ती पायऱ्या उतरून पाण्यात गेली, थोडा वेळ उभी राहिली, आणि एकदम दिसेनाशी झाली. मॅडमनं शिटी फुंकली. आम्ही ओरडायला लागलो. तेवढ्यात पलीकडच्या काठाला अक्का वर आली आणि चेहऱ्यावरचं पाणी निपटून म्हणाली, "कामून वरडता गं?"

लहानपणी ती भावांबरोबर शेतातल्या विहिरीत उड्या मारायची. बारा वर्षांची झाली तसं आईनं बंद केलं. त्यानंतर त्या दिवसापर्यंत ती पाण्यात उतरली नव्हती.

"पन्नास वर्षांनी?" मी विचारलं.

"आंग इसरत नाय, सिस्टर."

पोहून झालं की आम्ही दोघी भिंतीजवळच्या कडुलिंबाखाली केस वाळवत बसायचो. तिच्या पदराला भाजलेल्या शेंगा असायच्या. त्या वेळेला शहर झोपलेलं असायचं. लांबून जालना रोडची वाहनं ऐकू यायची, पण तीसुद्धा कुणी झोपेत घोरावं तशी. अंगावर अजून पाणी असल्यासारखं वाटायचं आणि बोलणं आपोआप हळू व्हायचं. अशाच एका दुपारी तिनं विचारलं, "येवढं कशाचं भ्या वाटतं तुम्हाला? पडलता का लहानपणी?"

मी पडले नव्हते. मी तिला आमच्या गावाचं, देवगाव रंगारीचं सांगितलं. आमच्या वस्तीला स्वतःची विहीर व्हायच्या आधीचं. आई मला घेऊन पाण्याला जायची आणि विहिरीपासून लांब थांबायची. मी पुढं पळाले की दंडाला धरून मागं ओढायची. "लांब हो, लांब उभी राहा." घागर कुणी ओतेल तेव्हा भरायची. मला वाटायचं, मी आत पडेन म्हणून आई भिते. पुढं आम्हाला विहीर झाली, नळ आले, मी शिकले, नोकरीला लागले. आई शहरात माझ्याकडं राहायला आली तरी भरलेल्या हौदापासूनसुद्धा दोन पावलं मागं उभी राहायची. तिचं ते लांब राहणं कशाचं होतं ते मला फार उशिरा कळलं. पण तोवर ते माझ्या अंगात उतरलं होतं.

अक्का शेंगांची टरफलं काढत होती. तिचे हात थांबले.

"आमच्या गावातबी तसंच व्हतं," ती म्हणाली. "मी काठावर बसून बघायची. बाया उभ्या राहायच्या. मला वाटायचं, असंच असतं."

केस वाळले तसे आम्ही उठलो आणि आपापल्या घरी गेलो. रात्री मला उगीच वाटत राहिलं की सांगायला नको होतं, ती उद्या येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी पाण्यात होती. सरळ माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सोडा ती दांडी."

"नाही जमणार, अक्का."

"मी हात धरते पाठीखाली. आडव्या व्हा. आभाळ बघा."

मॅडम लांबून बघत होती, पण जवळ आली नाही. मी एक हात सोडला. मग दुसरा. अक्काचा तळहात माझ्या पाठीला लागला, रुंद, खरखरीत. मी मागं झुकले. कानात पाणी शिरलं आणि जगाचा आवाज बंद झाला. बायकांचं बोलणं, शिटी, रस्ता, सगळं लांब गेलं. माझाच श्वास तेवढा आत कुठंतरी ऐकू येत होता, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा. वर आभाळ पांढुरकं होतं आणि त्यात एक घार फिरत होती. तिला पंख हलवायची घाई नव्हती. पायाची बोटं पाण्याबाहेर आलेली दिसली आणि ती माझी वाटली नाहीत. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मान वळवून पाहिलं तर अक्का हातभर अंतरावर उभी होती, हात कमरेवर.

ते बघताच मी गटांगळी खाल्ली. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, आणि मी हसायला लागले ते थांबेना.

त्यानंतरचा महिना मी अर्धवट झोपेतच होते. घरी भाकरी थापताना पाय जमिनीवर नीट टेकत नसत. दुपारी पलंगावर पडलं की पलंग हळूहळू डोलायचा.

मग वैशाखाचं ऊन आलं. आमच्या शहरात नळाला पाणी कधीच रोज येत नाही. त्या उन्हाळ्यात दोन पाण्यांमधलं अंतर वाढतच गेलं. गल्लीत टँकर आला की भांडणं व्हायची. एका रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये वसाहतीची सभा बोलावली. विषय होता पाणी. मिस्टर पुरुषांच्या खुर्च्यांकडं बसले, मी आणि अक्का सतरंजीवर बायकांत.

सगळ्यांनी तक्रारी मांडल्या. मग पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. त्यांचा आवाज मोठा होता. "लोकांना प्यायला पाणी नाय," ते म्हणाले, "आन इथं मागं बायका डुंबत्यात! त्या तलावात दर आठवड्याला टँकर ओतावा लागतो. आधी तो बंद करा."

लोक हसले. टाळ्याही पडल्या. मॅडम दाराजवळ उभी होती, तिनं मान खाली घातली.

मी आयुष्यात कधी सभेत उठले नव्हते. त्या दिवशी उठले कशी, मला आठवत नाही. उभी राहिल्यावर हॉलमधला आवाज बंद झाला, अगदी कानात पाणी शिरल्यासारखा. त्यामुळं मला बोलता आलं.

"आम्ही डुंबत नाही, शिकतो," मी म्हणाले. "पण भाऊंचं म्हणणं खरं आहे. आमच्याही घरी पाणी नाही. तलावातलं पाणी धुण्याभांड्याला, संडासाला चालेल, तर उपसा आणि सगळ्या गल्ल्यांत सारखं वाटा. फक्त दोन गोष्टी आत्ताच लिहून घ्या. पाऊस झाल्यावर तलाव परत भरायचा. आणि दुपारची वेळ बायकांचीच राहील."

"हे लिहायची काय गरज आहे, ताई?" अध्यक्ष हसत म्हणाले.

अक्का बसल्या जागेवरून बोलली, "गरज नाय तर लिहायला काय जातंय? लिव्हा."

मागून चार-पाच बायका म्हणाल्या, "लिहा, लिहा." अध्यक्षांनी सचिवांकडं पाहिलं. सचिवांनी सभेच्या वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं. घरी जाताना मिस्टर म्हणाले, "तू मला आधी सांगायचंस तरी."

"मलाच माहीत नव्हतं," मी म्हणाले.

दोन दिवसांनी पंप लागले. आम्ही बायका बघायला गेलो. पाणी हळूहळू उतरत होतं आणि फरश्या एकेक रांगेनं उघड्या पडत होत्या. तळाशी एक केसाची पिन आणि एक बांगडी सापडली. पिन कुणाची ते कळलं नाही. बांगडी अक्काची होती.

वर्ग संपला असं आम्हाला वाटलं, पण मॅडमनं सगळ्यांना फोन केले. "दोन बजे हॉल में आओ, खाला. चटई घेऊन या." गेलो तर तिनं हॉलमधली लाकडी बाकं रांगेत लावून ठेवली होती. त्यावर चटई टाकून पोटावर झोपायचं आणि हातपाय मारायचे. मान वळवून श्वास घ्यायचा, खाली सोडायचा. बाहेर जाळ पेटल्यासारखं ऊन, आत पडदे ओढलेले, पंखा गरगरतोय आणि आम्ही दहा बायका कोरड्या हवेत पोहतोय. रांगोळीच्या वर्गाच्या बाई एकदा दार उघडून आत डोकावल्या आणि दार लावून निघून गेल्या. पहिले दोन दिवस हसून हसून पोटं दुखली. मग हसू थांबलं. डोळे मिटले की मला पंख्याच्या आवाजात पाणी ऐकू यायचं आणि बाक हलल्यासारखं वाटायचं. सगळा ज्येष्ठ आणि आषाढ आम्ही असे पोहलो. बाकावर माझे हातपाय मॅडमला हवे तसे पडायला लागले. ती म्हणायची, "अब बस पानी चाहिए."

पाऊस उशिरा आला, पण बरा झाला. गणपती बसायच्या आधी तलाव भरला. तेव्हा वसाहतीच्या समितीकडून निरोप आला की दुपारची वेळ स्पर्धेची तयारी करणाऱ्यांना द्यायची आहे, बायकांनी सकाळी सहाला यावं. सहाला कोण येणार? डबे कोण करणार? मी आणि अक्का सचिवांकडं गेलो आणि सभेची वही मागितली. त्यांनी पान काढलं, चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे. तुमचं लिहिलेलं आहे."

पहिल्या दुपारी ढग होते. पाणी थंड आणि गडद होतं. मॅडमनं मला काठाला उभं केलं आणि समोरच्या भिंतीकडं बोट दाखवलं. रुंदीनं फक्त. अक्का मध्येच पाण्यात उभी राहिली, पण मी तिला बाजूला व्हायला सांगितलं. भिंतीला पाय रेटले आणि निघाले. बाकावर केलं तसंच हात, तसेच पाय, मान वळव, श्वास घे. मधे एकदा वाटलं, भिंत नाहीच पुढं, हे असंच चालत राहणार. त्याची भीती वाटली नाही. मग बोटांना फरशी लागली. पलीकडं कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, आणि पावसाचे बारीक थेंब पाण्यावर पडत होते.

घरी येऊन मी न जेवता झोपले. पाचला मिस्टरांनी चहा घेऊन उठवलं. मला काही क्षण खोली ओळखू येईना. "कुठं होतीस?" ते हसून म्हणाले. मी उठून बसले, कप घेतला. पलंग अजून हळूहळू डोलत होता, आणि मी चहा पीत राहिले.