आखूड हातांची बाजू

उस्तादांचे हात आखूड आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात.

खांदे बैलासारखे. छाती कपाटाएवढी. आणि त्या कपाटाला कुणीतरी भलत्याच लहान कपाटाच्या मुठी बसवाव्यात तसे हात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला तर बोटंही दिसत नाहीत. पाठ खाजवायला ते सुरीला धार लावायची सळई वापरतात. वहिनी म्हणतात, "यांच्या मिठीत शिरायचं म्हणजे निम्मी वाट मलाच चालावी लागते."

त्यांचं मटणाचं दुकान माझ्या खोलीच्या बरोबर खाली आहे. सकाळी मी अंथरुणात असतानाच सत्तुराचा आवाज येतो. एका हाडाला एक ठोका. दोन वर्षांत दुसरा ठोका ऐकलेला नाही.

मी साहित्याचा पदवीधर. संग्रहालयात पाट्या लिहितो. म्हणजे सांगाड्यासमोर उभं राहून लोक जे वाचत नाहीत, ते माझं.

एका संध्याकाळी उस्ताद जिना चढून वर आले. दारातच थांबले.

"लेखक, तुमच्याकडे तो मोठा डायनासोर आहे ना, टी-रेक्स? त्याच्यासमोरची पाटी कोणी लिहिली?"

या प्रश्नाची मी चार महिने वाट पाहत होतो.

"मीच. आवडली?"

त्यांनी खिशातून वहीचा कागद काढला. अक्षर त्यांच्या मुलीचं होतं. ती बारा वर्षांची आहे.

"वाच."

मी वाचलं. जरा आवाज चढवूनच वाचलं. "जबडा म्हणजे मृत्यूचा दरवाजा. हात मात्र निसर्गाने केलेली थट्टा. आखूड, केविलवाणे, निव्वळ निरुपयोगी."

"'केविलवाणे' चांगला शब्द आहे," उस्ताद म्हणाले. "अख्ख्या वर्गाला पाठ झालाय."

मग त्यांनी सांगितलं. शाळेची सहल आली होती. पाटी वाचून एक मुलगी ओरडली, "अगं, हे तर हिचे बाबा!" वर्ग हसला. मग सगळ्यांनी हिच्या हातांकडे पाहिलं. हात बापावर गेलेले. तेव्हापासून तिचं नाव छोटी टी-रेक्स. आठ दिवस ती भर उकाड्यात आईचा स्वेटर घालून फिरत होती. दुकानाची पायरी चढली नव्हती. येत्या शनिवारी पालकांनी वर्गात येऊन आपलं काम सांगायचं होतं. ती म्हणाली होती, "आईला पाठव."

"मी सत्तूर घासूनपुसून ठेवला होता," उस्ताद म्हणाले.

"शाळेत सत्तूर?"

"कागदात गुंडाळून नेणार होतो."

पाच वर्षं साहित्य शिकलो. पहिल्यांदाच माझं लिखाण कुणाला लागलं, आणि ते असं.

"चुकलं माझं, उस्ताद."

"ते बघू. पाटी खरी असेल तर तुझं काय चुकलं? चल खाली."

दुकान बंद झालं होतं. त्यांनी तराजूचं दोन किलोचं वजन एका पिशवीत घातलं.

"हात समोर सरळ धर. पिशवी मुठीत."

तीस आकडे मोजेपर्यंत माझा हात थरथरायला लागला. उस्तादांनी पिशवी मुठीतून काढून माझ्या कोपराजवळ अडकवली.

"आता?"

"आता काहीच वाटत नाही."

"हात तोच, वजन तेच. मग जोर कुठून आला?" ते थांबले. मी साहित्याचा असल्याचं त्यांना आठवलं असावं. "अरे, भार सांध्याजवळ आला. लांब हाताला पोच असते. आखूड हाताला जोर. सगळ्यांना सगळं मिळत नाही."

सोमवारी संग्रहालय बंद असतं. प्रमुख मॅडमची परवानगी काढून मी उस्तादांना आत नेलं. माणसं टी-रेक्ससमोर आली की आधी जबडा बघतात. उस्तादांनी मान वर केलीच नाही. थेट हातांपाशी गेले. शिडी मागितली. दंडाच्या हाडावरून अंगठा फिरवला.

"हाड आहे केवढंसं आणि जाड किती, बघा. फुकट कुणी एवढं जाड हाड वागवत नाही. आणि हा खरखरीत उंचवटा. इथं मांस धरलेलं असणार. भरपूर."

मॅडम चष्मा पुसत जवळ आल्या. "तुम्ही शरीररचना कुठे शिकलात?"

"दुकानात. सकाळी सहा ते दुपारी एक."

"तुमचं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "दंडाच्या एका स्नायूला दोनशे किलोच्या आसपास पेलत असावं, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. सगळ्यांना तो पटत नाही."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मग त्यांनी बाकीची डायनासोर मंडळी तपासली, बाजारात जनावर तपासावं तशी. ॲलोसॉरसची तीन बोटं आणि नख्या पाहिल्या. "पोच आहे, पकडही आहे. गडी कामाचा." पुढे डायनोकायरस. त्याचे हात जवळजवळ अडीच मीटर.

"हा काय खायचा?"

"झाडपाला, मासे," मॅडम म्हणाल्या. "शिकाऱ्यांच्या नात्यातला, पण खाणं वेगळं."

"वाटलंच. फांद्या ओढायला बरा." त्यांनी माझे हात नजरेनं मोजले. "लेखक, हा तुझ्या घराण्यातला."

शेवटी कार्नोटॉरस. त्याच्या कोपरापुढे जवळजवळ काही नाहीच. थेट बोटांचे खुंट. उस्तादांनी त्या खुंटांवर बोट ठेवलं.

"याचं मात्र अवघड आहे बिचाऱ्याचं. लेखक, ती पाटी फाडू नकोस. इकडं लाव. 'केविलवाणे' वाया जायला नको."

निघताना त्यांनी मॅडमना विचारलं, "मग तो टी-रेक्स एवढ्या जोराचं करायचा काय?"

"ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही."

उस्तादांचा चेहरा पडला. मुलीला सांगायला त्यांना काहीतरी झकास हवं होतं. पण म्हणाले, "मग तसंच लिहा."

मी लिहिलं. "हात आखूड, पण हाड जाड. ताकद बरीच असावी असा अंदाज. तिचा उपयोग काय होता, ते अजून नक्की माहीत नाही." आखूड आणि जाड. दोन्ही फूटपट्टीनं तपासता येतील अशी विशेषणं.

गुरुवारी ते मुलीला घेऊन आले. ती स्वेटरमध्ये. तिने पाटी वाचली. पुन्हा वाचली.

"बाबा, तू पाटी बदललीस. हात तेच आहेत."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि अंदाज लिहिलंय. अंदाज म्हणजे नक्की नाही."

"बरं," उस्ताद म्हणाले. "मग नक्की करू. हा बाक आहे, हा लेखक आहे. लढव पंजा."

"दादाशी? तो केवढा आहे!"

"लांब आहे. बस."

तिने कोपर बाकावर टेकवलं. स्वेटरची बाही मुठीवर घसरली. तिने ती वर केली. पुन्हा घसरली. मग तिने स्वेटर काढून बापाच्या अंगावर फेकला.

मी ठरवलं होतं, मुद्दाम हरायचं नाही. मुलांना ते लगेच कळतं. त्यामुळे मी दात आवळून जोर लावला. तिचा हात एका जागी उभा राहिला. मग माझा हळूहळू खाली गेला. डावा तर आणखी लवकर गेला.

"संग्रहालयाची अब्रू गेली," पहारेकरी म्हणाला.

ती मान वर करून टी-रेक्सकडे पाहत राहिली. जाताना स्वेटर बापाच्याच खांद्यावर होता. शनिवारबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. उस्ताद रात्रीपर्यंत तीनदा वर येऊन विचारून गेले, "तुला काय वाटतं?" मला दंडात दुखण्यापलीकडे काही वाटत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी खालून ठोका आला. मी कूस बदलली. मग दुसरा आला. हलका, जरा तिरका. दोन वर्षांत पहिल्यांदाच एका हाडाला दोन ठोके.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये ती ओट्याशी उभी होती. सत्तूर तिच्या हातात. मागे उस्ताद, श्वास रोखून.

"दादा," तिने खालूनच हाक मारली, "उद्या मोकळा आहेस का? बाबा शाळेत येतोय. सकाळीच बाईंना फोन केला. म्हणाल्या, सत्तूर नको, पंजा चालेल."

"मग माझं काय काम?"

"हरायला कुणीतरी नको का?"