पासवर्डचा पहिला अर्धा भाग

भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकते, पण हातातला चहा संपेपर्यंतच. तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. यंत्र वेडंवाकडं वागलं की आधी केबल बघायची, ही माझी सवय. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक सिटीत, तिसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. वयस्कर लोकांना गोळ्यांच्या वेळा सांगणारं ॲप आम्ही चालवतो. त्याची कुणी नक्कल करू नये, आत फेरफार करू नये, हे बघायचं काम माझं आणि बसूअण्णांचं. बसूअण्णा निपाणीचे. मराठी बोलता बोलता कन्नडात शिरायचे.

ॲपच्या प्रत्येक अपडेटवर आमची डिजिटल सही लागते. नाहीतर फोन ते घेतच नाही. सहीचा पासवर्ड दोघांत वाटलेला — पहिला अर्धा त्यांचा, दुसरा माझा. त्यासाठी वेगळा कॉम्प्युटर होता, नेटला कधीच न जोडलेला. एक जण टाइप करताना दुसऱ्यानं खिडकीकडे बघायचं.

"तिकडं बघा की ओ अक्का," ते म्हणायचे. "कान झाका म्हणत नाही, उपकार माना."

"तुमचा पासवर्ड घेऊन मी काय निपाणीत बंगला बांधू?"

"बांधा. पण आधी तिकडं बघा."

मग त्यांच्या जुन्या कीबोर्डचा खडखडाट... चार अक्षरं भरभर, जरा थांबून सात सावकाश. "सरी, या," म्हणून ते उठायचे. सरी म्हणजे कन्नडात 'ठीक'. आठ वर्षं मी ती खिडकी बघितली. समोरच्या मोकळ्या जागेत आधी गाई बसायच्या, मग पत्रे लागले, मग इमारत उभी राहिली.

गेल्या वर्षी बसूअण्णा गेले. हार्ट अटॅक. अडीनडीला म्हणून दोघांनी आपापला भाग पाकिटात बंद करून कपाटात ठेवायचा, असा नियम होता. त्यांचं पाकीट फोडलं. आत एकच ओळ — कागदावर लिहिला तर तो पासवर्ड कसला?

हसू आलं, आणि रागही.

त्याच सुमारास आमच्या ॲपची नक्कल पसरली. दिसायला हुबेहूब, आमच्या ॲपमधल्या वेळा स्वतःकडे ओढून घेणारी, पण गोळीची आठवण यायची तिथे जाहिरात. हुबळीच्या एका आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन दिवस चुकल्या. त्यांच्या मुलीचा फोन मीच घेतला. नक्कल बंद पाडणारं अपडेट तयार होतं, फक्त सही नव्हती. सहीशिवाय एकच मार्ग — सगळ्यांना ॲप काढून नवं घ्यायला सांगायचं. म्हणजे भरलेल्या वेळा पुसल्या जाणार. ऐंशीच्या घरातली माणसं त्या पुन्हा कशा भरणार?

दोन दिवस अंदाज लावले. मुलीचं नाव, गावचं नाव, स्कूटरचा नंबर. काहीच लागेना.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर चहाचा कप घेऊन त्या कॉम्प्युटरपाशी उभी होते. पासवर्डची चौकट रिकामी. सवयीनं खिडकीकडे वळले... आणि मागे खडखडाट झाला. चार भरभर. जरा थांबून सात सावकाश.

मी वळले नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. समोरचा टाइप करत असताना वळायचं नसतं, एवढंच.

आवाज थांबल्यावर बघितलं. खुर्ची रिकामी, चौकटीत अकरा ठिपके. दारात आमच्या ऑफिसातली पुण्याची आरती उभी.

"मॅडम, कोण टाइप करत होतं?"

"तुला कोण दिसलं?"

"तुम्ही एकट्याच. पण तुम्ही तर खिडकीपाशी होतात..."

"मग आता तूही तिकडं बघ," म्हटलं, आणि बसून माझा भाग टाइप केला.

सही झाली. संध्याकाळपर्यंत अपडेट गेलं, आठवड्याभरात नक्कल बंद पडली. हुबळीच्या आजोबांच्या वेळा जशाच्या तशा राहिल्या.

नंतर मी केबल बघितली, कीबोर्ड उघडला, सगळ्या नोंदी तपासल्या. काही सापडलं नाही. त्याच अपडेटमधून सही बदलून घेतली होती; आता सही नवी, पासवर्डही नवा. ती अकरा अक्षरं मला आजही माहीत नाहीत.

पहिला अर्धा हल्ली आरती टाइप करते, एका दमात. मी खिडकीकडे बघत उभी असते. ती "झालं, मॅडम" म्हणते, तरी मी जरा वेळ तशीच थांबते. "सरी, या" ऐकल्याशिवाय वळायची सवय अजून लागलेली नाही.