विमलमावशींचं टचिंग

गिऱ्हाइकासमोर फोटो मांडले की विमलमावशी त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. स्टुलासकट वळायच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून गप्प. मी पहिल्यांदा त्यांच्या फोटो स्टुडिओत गेले तेव्हा मला हा चक्क अपमान वाटला. यवतमाळच्या कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते आणि ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. त्यांनी चार फोटो काउंटरवर ठेवले आणि गर्रकन फिरल्या. मी विचारलं, "यातला कोणता बरा आहे?" पाठीनेच उत्तर आलं, "मले कायले विचारतं? चेहरा तुहा, तूच पाह्य. मी पाहून राह्यली तर तू माह्या तोंडाकडे पाहून निवडशीन."

चारही फोटोंत माझं नाक सारखंच पसरलेलं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "नाक देवाचं, बाई. उजेड तेवढा माह्या हातात." हे वाक्य त्या प्रत्येकाला ऐकवत. कोणी गोरं करून मागितलं तर म्हणत, "करून देतो, पण मंग घरचा आरसा मले शिव्या देईन." तरीही करून देत. गिऱ्हाइकाने मागितलं ते द्यायचं आणि न मागितलेलं काही करायचं नाही, असा त्यांचा धंदा होता.

स्टुडिओ त्यांच्या यजमानांचा. यजमान फोटो काढत आणि मावशी टचिंग करत. आज हा शब्दच राहिला नाही, म्हणून सांगते. तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिलीने काम चाले. काचेचं उतरतं डेस्क, खालून उजेड, आणि पॉलिश कागदावर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं, कपाळावरच्या आठ्या असं सगळं त्या टिंबाटिंबाने भरून काढत. छापलेल्या फोटोवर काही राहिलं तर ब्रश. त्या ब्रशला मोजून तीन-चार केस असतील. जिल्ह्यातल्या कित्येक सुना मावशींच्या पेन्सिलीमुळे पसंत पडल्या, असं बाजारात गमतीने म्हणत. मावशी हसून म्हणायच्या, "पसंत माह्यामुळं पडल्या, नांदल्या त्यायच्या त्यायच्या हिमतीवर."

यजमान गेले, कॉम्प्युटर आला, ब्रश डबीत गेले. मावशी डिजिटल कॅमेरा शिकल्या, पण कॉम्प्युटरवर टचिंग करायला त्यांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगितलं. स्वतः माउस हातात धरला नाही. साबण धरल्यासारखं वाटतं म्हणाल्या.

पाठ करून बसण्याचं कारण त्यांनी मला दोनेक वर्षांनी सांगितलं. तोवर मी त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली होती आणि दुपारचा चहा त्यांच्याकडे ठरलेला होता. गोष्ट त्यांच्या नव्या नवलाईच्या दिवसांतली. एक बाई लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन आली. नवरा वारला होता आणि त्याचा एकट्याचा फोटो नव्हता. घोळक्यातून त्याला वेगळा काढून मोठा करायचा होता. त्याच्या भुवईवर बैलाच्या शिंगाची मोठी खूण होती. मावशींचा हात तेव्हा नुकता बसला होता, आणि हौस दांडगी. कोणी न सांगता त्यांनी ती खूण पुसली, वाकडी कॉलर सरळ केली. बाई आली, बराच वेळ फोटो पाहत राहिली आणि म्हणाली, "सुंदर केलं बाई तुम्ही. पण हा माह्या घरचा माणूस नोहे." फोटो तिथेच ठेवून ती निघून गेली. निगेटिव्हवरची पेन्सिल पुसून मावशींनी पुन्हा फोटो बनवला, तिच्या गावी माणूस पाठवला, पण ती परत आली नाही. हे सांगताना मावशी हसत होत्या, पण ते हसू मधेच विरलं. "तवापासून ठरवलं, पोरी. ज्याचा फोटू, त्याचं म्हणणं. आपलं शहाणपण डबीत."

शेजारची खोली मी घेतली होती ती आमच्या मासिकासाठी. नीलेश नावाचा माझा एक मित्र आणि मी मिळून शहरी संगीताचं मासिक काढायचो. यवतमाळ, अमरावती, नागपूरचे बँड, रॅप करणारी मुलं, लग्नातले डीजे, ऑर्केस्ट्रावाले असा सगळा मामला. नाव ठेवलं 'ठेका'. तबल्याचा ठेका आमच्या डोक्यात होता, पण आमच्याकडे ठेका म्हटलं की लोकांना आधी दारूच आठवते. पाटी लावली त्या आठवड्यात दोघे जण खोलीत डोकावून गेले. "मास्तरणीनं ठेका घेतला," असं मावशी सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या. पण अंक छापून आला की चष्मा लावून पहिला तो त्याच पाहायच्या. कुठे शाई जास्त बसली, कोणाच्या गालावर डाग पडला, हे त्यांना आमच्याआधी दिसे.

मग रोशनीचा अंक आला. रोशनी आमच्याच कॉलेजात बी.ए.ला होती, नेरच्या पलीकडल्या तांड्यावरची. बंजाऱ्यांची गोरबोली आणि वऱ्हाडी मिसळून रॅप करायची. उभी राहिली की एवढीशी आणि सुरू झाली की समोरचे चारशे जण गप्प. आम्ही तिला कव्हरवर घ्यायचं ठरवलं. नीलेशने दिवाळीनंतरच्या कॉलेजच्या कार्यक्रमात तिचा फोटो काढला होता. काळापांढरा. डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी माईक घट्ट धरलेला. आणि त्या बोटांवर नखांच्या कडेने ओरखडे, टोचल्याच्या खुणा, एका बोटाला रक्ताची रेघ. ज्याने कापूस वेचला आहे त्याला सांगावं लागत नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना अशीच फाडतात.

मी तो फोटो पाहिला आणि वेडी झाले. पुण्या-मुंबईच्या कोणत्या मासिकाकडे असं कव्हर असणार होतं?

रोशनीला मात्र तो नको होता. तिला मावशींकडे काढलेला फोटो हवा होता. पावडर लावलेली, ताठ उभी, हात पाठीमागे. बस पाससाठी काढल्यासारखा. मी समजावून थकले आणि शेवटी तिला मावशींसमोर नेलं. मावशी तिला पटवतील असा माझा कावा होता. मावशींनी दोन्ही फोटो काउंटरवर ठेवले आणि नेहमीसारखी पाठ केली. रोशनीने एक क्षणही न घालवता पावडरवाला उचलला.

मी काहून काहून करत राहिले तेव्हा ती बोलली. दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटर क्लास आहे असं आईला सांगून ती यवतमाळात राहिली होती. प्रत्यक्षात मैत्रिणीच्या गावी कापूस वेचायला गेली होती. हातातला तो माईक त्या मजुरीचाच. आणि तिच्या आईने तिला दहावीपासून वावरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. "याडी म्हणते, माह्या हाताचं जे झालं ते तुह्या हाताचं होऊ देनार नाही. तिनं हे पाह्यलं तर जेवणार नाही ताई." मग तिने स्वतःच तोड काढली. "हाच फोटो पाहिजे असंन तर कॉम्प्युटरवर बोटं पुसून टाका ना."

नीलेशला ते दोन मिनिटांचं काम होतं. पण मी म्हटलं, बोटं पुसली तर कव्हरमध्ये उरलं काय? खरेपणा म्हणून काही असतो की नाही? मावशी इतका वेळ कॅलेंडरकडे पाहत होत्या, त्या वळल्या.

"खरं असंन," त्या म्हणाल्या. "पण हात तिचे आहेत पोरी, तुहे नोहेत."

मी विचार करते म्हटलं. आणि विचार कसला, दुसऱ्या दिवशी नागपूरला छापखान्यात बोटांचाच फोटो पाठवला. बोटं न पुसता. अंक तांड्यावर कोण पाहणार आहे, असं मी नीलेशला म्हणाले होते. हे वाक्य मला आज लिहितानाही नको वाटतं, पण म्हणाले होते.

कव्हरचं फार कौतुक झालं. अनोळखी लोकांचे फोन आले. मी हवेत होते. रोशनीने अंक हातात घेतला, पाहिला, "छान आहे ताई" म्हणाली आणि दप्तरात ठेवला. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. पंधराएक दिवसांनी मावशी आल्या आणि अंकाची एक कोरी प्रत मागितली. मला वाटलं, शेवटी पटलं यांना. वर सही करून देऊ का, असंही मी विचारलं. नको म्हणाल्या. कागद जाड, खरखरीत होता, त्यावर त्यांनी अंगठा फिरवून पाहिला आणि गेल्या.

त्यानंतर तीन दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं ओढलेलं दिसलं. मावशींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, हातही अलीकडे कापायचा. चौथ्या दिवशी चहाला गेले तर म्हणाल्या, "डोळ्यात औषध टाकून पडली होती." मी काळजी घ्या वगैरे म्हटलं.

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दोन दिवसांचा ताप, आणि संपलं. इतकी वर्षं रोज भेटणारं माणूस गेलं की चार वाजता काय करायचं ते कळत नाही. मी कित्येक दिवस चहाच्या वेळी बंद शटरसमोर जाऊन परत येत होते. त्यांचा स्वतःचा फोटो लावायचा तर एकही धड सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा केला. तो कोणी निवडला नव्हता.

तेराव्याला रोशनी आली होती. आता ती नोकरीला लागली आहे, गाणंही चालू आहे. माझ्याशी ती कधीच वाईट वागली नाही, पण मधे एक अंतर राहिलं होतं. जाताना म्हणाली, "याडी बोलावते तुम्हाले. कव्हाची म्हणून राह्यली." नाही म्हणवेना. पुढच्या रविवारी नेरची एसटी धरली.

आईचं घर लहान, नुकतंच रंगवलेलं. दारातून शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये 'ठेका'चं ते कव्हर. बोटांकडे पाहायचं टाळून मी खाली बसले. पेपरात रोशनीबद्दल छापून आलं तेव्हा आईने मासिकासाठी हट्ट धरला होता, हे मला तिथे कळलं. रोशनीने काही दिवस चालढकल केली आणि मग आणून दिलं. आईने फ्रेम खिळ्यावरून काढली, पदराने काच पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

बोटं स्वच्छ होती. नखं अख्खी, कातडी गुळगुळीत, एक ओरखडा नाही. दाराकडून तिरपा उजेड येत होता म्हणून, नाहीतर कळलंही नसतं. सगळ्या टोचण्यांवर टिंबाटिंबाने रंग बसवला होता, कागदाच्या जातीचा, शाईच्या रंगाचा. फक्त करंगळीजवळ एका जागी ब्रश थरथरला होता. त्या तीन दुपारचं अर्धं शटर मला तेव्हा कळलं. रोशनी माझ्याकडे न येता त्यांच्याकडे गेली होती, आणि त्यांनी एका डोळ्याने ते काम केलं होतं. मला त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. मला लाज वाटली, आणि मावशींची इतकी आठवण आली की मान वर करता येईना.

आई शेजारी टेकली. फ्रेमची कड धरलेली तिची बोटं काळी पडलेली, चिरा गेलेली, नखांच्या कडा फाटलेल्या. त्यातलंच एक बोट तिने काचेवरून मुलीच्या हातावर फिरवलं.

"पाहा बाई, माह्या पोरीचे हात," ती म्हणाली. "एक बोंड लागू देलं नाही मी."

रोशनी चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती.

"हो ना," मी म्हटलं. "हात पाहिल्याबरोबर कळतं."

रोशनी मग आत गेली आणि चहाचं भांडं चढवल्याचा आवाज आला.