छपाईच्या खोलीतले पाटकरी

तात्यांच्या हातात कागद दिला की ते कागदाकडे न बघता आधी विचारायचे, "गाव कंचं?"

आमचं कॉलेज इंदापुरात. बोनाफाइड, गुणपत्रकाची नक्कल, दाखला, काहीही छापून घ्यायचं तर मुख्य इमारतीच्या टोकाला छपाईची खोली आणि तिथे तात्या. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा ओळख काढतोय. मग तो गावाबरोबर आडनाव, मामाचं गाव, चुलत्याची सासुरवाडी, सगळं सांगत सुटायचा. तात्यांना फक्त अंतर हवं असायचं. लोणी भापकरचा आला की त्याचा कागद सगळ्यात वर, बावड्याचा त्याच्याखाली आणि इंदापुरातला शेवटी. मग तो सकाळी आठपासून दारात उभा का असेना. मी स्वतः इंदापूरचा. चार वर्षांत माझा एकही कागद पहिला निघाला नाही.

याचं कारण तात्या मूळचे पाटकरी. तीस वर्षं कालव्यावर दारं उचलायची, पाडायची, कुणाच्या चारीला किती तास पाणी ते बघायचं, हे त्यांचं काम. तिथला कायदा असा, की टेलवाल्याला आधी. कालव्याच्या शेपटाला ज्याचं रान, ते भिजलं की मधला, आणि तोंडाशी बसलेला शेवटी. "हेडवाल्याचं काय," तात्या म्हणायचे, "त्याचं रान नुसत्या पाझरानंच वलं हुतंय. टेलवाला बिचारा माझ्या तोंडाकडं बघत बसल्याला असतोय." निवृत्त झाल्यावर शेळगावच्या घरी त्यांनी नळालाही पाळ्या लावल्या, तेव्हा सुनेनंच ओळखीतून त्यांना आमच्याकडे चिकटवून दिलं, असं ते स्वतःच सांगत.

मी संगणक विभागाचा प्रमुख. विभागात मी एकटाच, त्यामुळे माझं प्रमुखपद निर्विवाद होतं. कॉलेजात दोन प्रिंटर: छपाईच्या खोलीतला मोठा आणि प्राचार्यांच्या खोलीतला छोटा. दोन्ही एका जागी बसून सांभाळता यावेत म्हणून मी तात्यांच्या संगणकावर प्रिंटर व्यवस्थापनाची खिडकी बसवली. कुठला प्रिंटर चालू, कुठला थांबवलेला, कागद कुठल्या मापाचा, रांगेत कुणाचं काम पुढं, हे सगळं त्या खिडकीत दिसतं आणि माउसनं बदलता येतं. तात्यांना शिकवायला मी आठ पानी टिपण काढलं होतं. ते त्यांनी घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवलं आणि तीन दिवसांत ती खिडकी नुसत्या चित्रांवरून पाठ केली. त्यांच्या भाषेत थांबवणं म्हणजे दार पाडणं, चालू करणं म्हणजे दार उचलणं. रांग म्हणजे पाळी. आणि एखादं काम रद्द केलं की "सांडव्याला सोडलं."

एकदा मोठा प्रिंटर बंद पडला. पोटात कागद भरलेला, शाई भरलेली, आणि हा आपला दिवा लुकलुकवत बसलाय. मी त्याचा मागचा दरवाजा काढला, रोलर काढले, एक स्प्रिंग निघून कपाटाखाली गेली. दुपारी मी जाहीर केलं की मशीनचं डोकं जळालंय, पुण्याहून माणूस बोलवावा लागेल. तात्या इतका वेळ खिडकी उघडून बसले होते. ते म्हणाले, "इंजनेर, ह्यो काय मागतोय त्ये तरी बघा की."

कागदाच्या मापाच्या जागी 'लेटर' असं लिहिलेलं होतं. आपण वापरतो तो एफोर. आदल्या दिवशी सगळं नीटनेटकं करायच्या नादात ते माप मीच बदललं होतं.

"आपल्याकडं न्हाय त्ये मागतोय म्हनून रुसलाय," तात्या म्हणाले आणि टिचकी मारून माप बदललं. मी कसाबसा परत जोडलेला प्रिंटर खडखडून चालू झाला. कपाटाखालची स्प्रिंग न लावताही तो आजवर नीट चालतोय, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुसरा पराक्रम जास्त नाजूक. बारामतीच्या एका संस्थेत जागा निघाली होती. मी गुपचूप अर्ज केला आणि बायोडाटा छापायला सोडला. कुठलाच प्रिंटर निवडला नाही तर काम जिथं आपोआप जातं, तो प्रिंटर मी आठवडाभर आधी प्रयोग म्हणून बदलला होता आणि विसरलो होतो. माझा बायोडाटा, त्यातल्या 'सध्याची नोकरी सोडण्याचे कारण' या परिच्छेदासह, प्राचार्यांच्या खोलीत निघाला. मी मोठ्या प्रिंटरपाशी उभा राहून घाम पुसत होतो, तेवढ्यात तात्या आले. हातात पालथे धरलेले तीन कागद.

"तुमचं पानी सायबांच्या रानात शिरलं व्हतं," ते हळूच म्हणाले. "सायेब जेवाय गेल्यालं, तवर वळवून आनलं."

"तात्या, वाचलं का तुम्ही?"

"मी पाटकरी हाय. पानी कुनाचं त्ये बघतो, चव घेत न्हाय."

ती नोकरी मला मिळाली नाही, ते सोडा. पण अशा माणसाशी मी पुढं कसा वागलो ते सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही.

झालं असं, की एका सत्काराच्या दिवशी प्राचार्यांचं भाषण छापायला आलं आणि तात्यांनी ते बावड्याच्या दोन मुलींच्या दाखल्यांखाली ठेवलं. सर व्यासपीठावर पोचले, भाषण पाच मिनिटांनी पोचलं. संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. "हे असं कुणाचंही पुढंमागं करता येतं का?" एवढंच त्यांनी विचारलं. पुढचं सगळं मी माझ्या हौसेनं केलं. सरांच्या संगणकावरून येणाऱ्या कामाला कायमचा पहिला नंबर दिला आणि तात्यांना तो हलवता येऊ नये म्हणून त्या खिडकीला पासवर्ड घातला. सर खूश झाले. तात्यांना मी सांगितलं, की हे नवीन धोरण आहे.

तात्यांनी माउस बाजूला सारला. "म्हंजी दार माझ्याकडं, चावी तुमच्याकडं," ते म्हणाले. "बरं हाय."

महिनाभरानं बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांची प्रवेशपत्रं आली, तीही विद्यापीठाकडून परीक्षेच्या दिवशीच सकाळी. एकतीस जणी होत्या. बहुतेक लग्नानंतर पुन्हा शिकायला लागलेल्या, कुणाच्या कडेवर मूल. परीक्षा बारामतीला दुपारी दोनला, त्यांची एसटी साडेअकराला. प्रवेशपत्राशिवाय आत घेत नाहीत आणि वर्ष वाया जातं.

त्याच सकाळी कार्यालयाचे अधीक्षक सरांच्या संगणकावरून वार्षिक अहवाल छापायला बसले होते. वीस प्रकरणं, एकामागून एक मोठ्या प्रिंटरवर सोडायची. सर पुण्याला. प्रत्येक नवीन प्रकरण, मी दिलेल्या पहिल्या नंबरामुळं, एकतीस प्रवेशपत्रांना ओलांडून पुढं जाऊन बसत होतं. अधीक्षक म्हणाले, "सरांचं काम आहे, मी नाही थांबवणार." प्रवेशपत्रं छोट्या प्रिंटरकडे वळवायची तरी तीच खिडकी उघडायला हवी. तात्यांनी मला सात वेळा फोन लावला. मी बावड्यात मावसभावाच्या साखरपुड्यात जिलबी वाढत होतो. फोन गाडीच्या डिकीत.

सव्वादहा वाजता तात्या उठले. शिपाई आणि ग्रंथपालबाईंना बरोबर घेतलं, प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि "बगा बरं का, मी उपसतोय," असं म्हणून संगणकाची नेटवर्कची तार ओढून काढली. अधीक्षक ओरडत राहिले. चालू प्रकरण संपलं, पुढचं आलंच नाही आणि प्रवेशपत्रं निघायला लागली. एकतीसच्या एकतीस जणी एसटीत बसल्या.

मग तात्यांनी कोरा कागद घेतला आणि पंचनामा लिहिला. कालवा फोडणाऱ्यांचे ते आयुष्यभर लिहीत आले होते, तसाच. 'मौजे इंदापूर येथील प्राचार्यांच्या खोलीतील संगणकाची तार खाली सही करणाऱ्याने अनधिकृतपणे उपसली. कारण : दार बंद होते. चावी मिळाली नाही.' खाली दोन पंचांच्या सह्या.

दुसऱ्या दिवशी तो कागद सरांच्या टेबलावर, तात्या समोर उभे, आणि मी बाजूला. सरांनी मला विचारलं, "चावी मिळाली नाही म्हणजे काय?"

मी म्हणालो, "सर, सिस्टीममध्ये जरा तांत्रिक अडचण होती."

सर म्हणाले, "ठीक आहे तात्या, मुलींचं काम झालं ना? दोन ओळींचा माफीनामा द्या, विषय संपला."

"माफी न्हाय, सायेब," तात्या म्हणाले. "पाट फोडनाऱ्याला मी कंदी पाटावर ऱ्हाऊ दिला न्हाय. सवताला कसा ठिवू?" डब्याची पिशवी उचलली आणि गेले.

मला खरं बोलायला चार दिवस लागले. सरांनी ऐकून घेतलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. "जा आणि घेऊन या त्यांना," एवढंच म्हणाले.

शेळगावला पोचलो तेव्हा तात्या अंगणात ठिबकचा फिल्टर धूत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. पासवर्डची हौस माझी, सरांसमोर खोटं बोललो तोही मीच.

"ठावं हाय की," ते जाळी झटकत म्हणाले. "बसा."

"मग चला ना परत. सरांनी बोलावलंय."

"न्हाय. हितं बरं चाललंय." मग थांबून म्हणाले, "येक सांगा पर. चावी काय व्हती त्येची?"

मुलांना भक्कम पासवर्ड कसा निवडावा यावर मी दरवर्षी तासभर व्याख्यान देतो. मी खाली बघून सांगितलं, "एक, दोन, तीन, चार."

तात्या इतके हसले, की ठसका लागून सून पाणी घेऊन बाहेर आली. "आवं, आमच्या नातवाच्या सायकलीला बी हेच कुलूप हाय!"

मला हसू येईना. "तात्या, सकाळभर तुम्ही त्या पडद्यासमोर बसला होता. एकदा टाकून का नाही बघितलं? नोकरी राहिली असती."

त्यांचं हसणं थांबलं. मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं त्यांनी फिल्टर बाजूला ठेवला, हात धोतराला पुसले.

"तार उपसली ती चार मानसांदेखत," ते म्हणाले. "पर कुलूप तुमचं व्हतं, इंजनेर. त्येला चोरून हात कसा लावायचा?"