तांड्याच्या नावाचं तिकीट

आगारातून आलेलं उत्तर एका ओळीचं होतं. सदर फाट्यावरील प्रवासी चढउतार निरंक असल्याने थांब्याची मागणी मान्य करता येत नाही. मी ते ओट्यावर बसून दोनदा वाचलं. बा समोर कोळप्याची पास, म्हणजे पातं, घासत होता.

"काय म्हनते सरकार?" त्यानं विचारलं.

"आपल्या फाट्यावर माणूस नाही म्हणते."

बानं हातातलं काम थांबवलं. घरांच्या ओळींवरून, शेळ्यांवरून, नळावर भांडणाऱ्या बायांवरून त्याची नजर सावकाश फिरली. "मग हे सगळे कोन हायत? भुतं?"

घरात आम्ही आमची गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली, बोलतो. इथं सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत लिहिते आहे. आमचा तांडा हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या गावासोबत आमची एकच ग्रामपंचायत आहे, ते गाव हिंगोलीपासून आणखी तीन किलोमीटर लांब. एसटी गावात थांबायची. म्हणून आम्ही हिंगोलीला जायला आधी उलट्या दिशेनं तीन किलोमीटर चालायचो, गावात गाडीत बसायचो, आणि तीच गाडी आम्हाला घेऊन आमच्याच तांड्यासमोरून निघून जायची. खिडकीतून आमची घरं दिसायची. एखादा दयाळू ड्रायव्हर हात दाखवला की फाट्यावर गाडी उभी करी. पण त्याच्या दयेवर कुणाचं शिक्षण होत नाही.

माझं झालं ते वसतिगृहामुळे. हिंगोलीत मुलींच्या सरकारी वसतिगृहात नंबर लागला, तीन वर्षं दोन वेळचं जेवण आणि पुस्तकं मिळाली, आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले. त्या ताटाचं ऋण मी कधी विसरले नाही. धाकट्या बहिणीचा मात्र यादीत नंबर लागला नाही. मार्क माझ्याहून जास्त होते. गावच्या शाळेत दहावीला ती पहिली आली होती. तिला सायन्स घ्यायचं होतं. प्रवेश घेतला, दप्तर घेतलं, आणि जायचं कसं हा प्रश्न उरला. गावाकडचा रस्ता दोन्ही बाजूंनी उसाचा. सकाळी सहाला एकट्या पोरीनं तिथून जावं असं बाला वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. रस्त्यावर खासगी जीप मिळे, पण तिच्या टपावरसुद्धा माणसं बसलेली असत.

"पोळ्यापर्यंत मी सोडतो फटफटीवर," बा म्हणाला होता. "पोळा झाला की कामं येतील. मग मला न्हाई जमत, माय. एक वर्स घरी बसंल, पुढच्या साली बघू."

आमच्याकडे एक वर्ष घरी बसलेली मुलगी पुढच्या वर्षी कुठं असते, ते तिघांनाही माहीत होतं. त्या रात्री बहिणीनं वह्यांना कव्हरं घातली नाहीत, एवढंच.

म्हणून ते उत्तर घेऊन मी आगारात गेले. मला भांडायचं होतं. टेबलामागचे साहेब वयस्कर होते, चष्मा कपाळावर. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"हे बघा, तुमच्या फाट्याचं नाव आमच्या मशीनमध्ये आहे. एके काळी मंजूर थांबा होता तो. पण तिथून कुणी तिकीटच काढत नाही. एकही नाही. म्हणून बंद झाला. कागद म्हणतो तिथं माणूस नाही, मी काय करू?"

माझा चेहरा तापला. मी हातातलं पत्र घडी घालून पिशवीत ठेवलं. कारण त्या नावाचं तिकीट का निघत नव्हतं, ते मला ठाऊक होतं.

फाट्यावर गाडी थांबायची तेव्हाही, कंडक्टरनं "कुठून?" विचारलं की आम्ही सगळे गावाचं नाव सांगायचो. भाडं तेवढंच पडायचं, त्यामुळे कंडक्टरही काही म्हणत नसे. दवाखान्यात गावाचं नाव, बाजारात गावाचं नाव. तांडा म्हटलं की समोरच्याची नजर बदलते, पिशवीकडे जाते, हा अनुभव आमच्या म्हाताऱ्यांनी आम्हाला न सांगताच शिकवला होता. मी स्वतः तीन वर्षं कॉलेजात "कुठली गं तू?" या प्रश्नाला गावाचं नाव सांगितलं. वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मुलींनासुद्धा. आमच्या तांड्याला यादीतून कुणी काढलं नव्हतं. एकेका तिकिटानं आम्हीच काढलं होतं.

हे मी साहेबांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, पण सांगितलं. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"ऑगस्ट महिना गाडी थांबवून बघू," ते म्हणाले. "सकाळची एक, संध्याकाळची एक. माणसं मशीनमध्ये दिसली पाहिजेत. आणि ग्रामसभेचा ठराव आणा. एवढं झालं तर थांबा कायम करायची शिफारस मी करतो."

पहिल्या आठवड्यात तांड्यातून रोज पंधरा-वीस माणसं फाट्यावरून चढली. आठवड्यानं मी विचारायला गेले तर मशीनमध्ये सातच तिकिटं होती. ती सातही माझी आणि बहिणीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत कंडक्टरच्या शेजारीच उभी राहिले. कंडक्टर बाई होत्या, जाड आवाजाच्या. आमच्या तांड्यातली एक काकू चढली.

"कुठून?"

काकूनं गावाचं नाव सांगितलं.

"काकू!" मी ओरडले.

"अगं व्हय, ऱ्हायलंच! जीभच वळत न्हाई बघ."

कंडक्टर बाईंनी मशीन खाली घेतलं. "मावशे, तुमी चढल्या कुठून?"

"हितूनच की."

"मंग गावाचं नाव काहून सांगून राहिल्या? गाववाले तुमाला काही देतेत का?"

गाडीत हशा पिकला. काकूनं पदर तोंडाला लावला आणि मग एकदम, आख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात तांड्याचं नाव घेतलं. मागच्या सीटवरचा गावातला एक माणूस हसत म्हणाला, "आली, तांड्याची पार्टी आली!" आणि काकू त्याच्याकडे वळून म्हणाली, "आली. सरक तिकडं." तो सरकला.

त्या दिवसापासून निंदणीत एक नवाच खेळ सुरू झाला. सोयाबीनमध्ये बाया ओळीनं खुरपत बसलेल्या असत. आमची याडी, म्हणजे आई, कंडक्टर व्हायची. खुरपं वर करून एकेकीला विचारायची, "बोला, कुठून?" जी चुकून गावाचं नाव घेई तिला पुढच्या बाईची अर्धी ओळ खुरपावी लागे. याडीच पहिल्या दिवशी तीनदा चुकली. माझी बहीण कॉलेजातून आल्यावर बांधावर बसून निकाल द्यायची. ती हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिली.

आमच्या तांड्याचे नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, पंचाहत्तरीच्या पुढचे. या वयाला एसटी फुकट. पण फुकटाचंही तिकीट निघतं आणि त्यावर थांब्याचं नाव असतं, हे कळल्यावर ते पांढरा फेटा बांधून रोज सकाळी हिंगोलीला जाऊ लागले. स्टँडवर चहा प्यायचे, पेपर वाचून घ्यायचे, संध्याकाळी परत. सोबत समवयस्क दोघं.

"नायक, आज काय काम काढलं?" कुणी विचारलं की ते म्हणत, "तांड्याचं काम. चहा पेऊन येतो."

पण ठराव बाकी होता, आणि ठराव गावात व्हायचा होता.

ग्रामसभा झेंड्याच्या दिवशी असते. आम्ही दरवर्षी झेंडावंदनाला जायचो, लेकरांना गोळ्या-बिस्किटं मिळाली की परतायचो. सभा त्यानंतर सुरू होई, आणि ती आपल्यासाठी आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी कुणी परतलं नाही. बाया पुढं बसल्या. पंचायतीसमोरच्या सतरंज्या पुरल्या नाहीत, गावातली माणसं कडेला उभी राहिली.

ग्रामसेवकांनी माझा अर्ज वाचला. गावातले एक सदस्य उठले. त्यांच्या दोन जीप त्या रस्त्यावर चालायच्या, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"तांड्याला एसटी? उद्या म्हनताल इमान उतरवा!" ते म्हणाले. माणसं हसली. "अन् मला एक सांगा. आजवर तिकिटात आमच्याच गावाचं नाव सांगत आले ना तुमी? बराबर हाय का न्हाई? गावाचं नाव गोड लागतं, मग थांबा बी गावचाच गोड माना की."

मी बोलायला उठले आणि नुसते कागद चाळत राहिले, कारण तो माणूस खरं बोलला होता. चार कागद हातात होते, सगळे निरुपयोगी. पुढं बसलेल्या बहिणीनं वळून माझ्याकडे पाहिलं. पोळ्याला दोन-तीनच आठवडे उरले होते.

नायक काठी टेकवत उठले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "आमी सांगितलं तुमच्या गावाचं नाव. माझ्या बापानं सांगितलं, मी सांगितलं, माझ्या नातीनं बी सांगितलं. का, तर आमच्या नावाची आमालाच लाज वाटली. चूक आमची. ती कबूल कराया आज येवढे लोक आलो हावत. पन चूक कबूल केल्यावर तीच चालू ठेवा म्हनतो, असा पंच मी न्हाई पाहिला."

सदस्य उभेच होते.

मग गावाच्या दोनेक किलोमीटर अलीकडे, तांड्याच्या बाजूला जी बौद्ध वस्ती आहे, तिथल्या अंगणवाडीताई उठल्या. त्यांना मी ओळखत होते. माझा अंगणवाडीतला पहिला पाढा त्यांनीच म्हणून घेतलेला. "फाटा आमच्या वस्तीलाबी गावापेक्षा जवळ पडतो," त्या म्हणाल्या. "आमच्या चार पोरी अकरावीला हायत. जीपमधी कशा बसतेत ते मी रोज बघते. सरपंचसाहेब, हात वर करायला सांगा, वेळ काहून घालवून राहिले?" आणि सांगण्याची वाट न पाहता त्यांनी स्वतःचा हात वर केला.

त्यांच्यामागून आमच्या बायांचे हात वर गेले. नंतर वस्तीचे. मग कडेला उभ्या असलेल्या गावातल्या माणसांमधून एक, दोन, आणि मग मोजायचं कारणच राहिलं नाही. गावात ज्यांच्या घरी शाळेत जाणाऱ्या मुली होत्या, ते बाप हात वर करून जीपवाल्याकडे न बघता उभे होते. सरपंच म्हणाले, "ठराव मंजूर." ग्रामसेवकांनी लिहायला पेन उचलला. बहिणीनं त्यांच्या वहीत डोकावून तांड्याचं नाव नीट लिहिलं का ते बघितलं, आणि ते हसून म्हणाले, "लिहिलं गं बाई, लिहिलं."

महिना संपला तेव्हा साहेबांनी मला पुन्हा पडदा दाखवला. मी आकडे पाहिले नाहीत. नुसतं नाव पाहिलं. आमच्या तांड्याचं नाव एकाखाली एक, पडदा सरकेल तसं येतच होतं.

"एवढी माणसं होती कुठं?" साहेब म्हणाले.

"इथंच होती, साहेब."

थांबा कायम झाल्याचं पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. सणाला बैलांच्या आधी बातमीच सगळ्या घरांतून मिरवली. आणि कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, संपल्यावर कॉलेज उघडलं त्या सकाळी, कुणी सांगितलं नसताना, सगळा तांडा फाट्यावर उतरला. बायांनी सणाला काढलेले आरशांचे पोशाख घातले होते. नायकांनी ड्रायव्हरला फेटा बांधला. याडीनं गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, कंडक्टर बाईंची ओटी भरली. मग बायांनी गाडीपुढं फेर धरला आणि गाणं सुरू केलं. आमच्या बाया एकदा गायला लागल्या की लवकर थांबत नाहीत.

बा ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभा होता. "उद्या बी याच टायमाला येती का?" त्यानं विचारलं.

"रोज."

"पावसात बी?"

"दादा, पावसात बी."

बानं मान हलवली आणि दोन पावलं मागं सरकून तो गाडीकडे नुसता बघत राहिला. कंडक्टर बाई दारातून विनवत होत्या, "सोडा आता मावशे, डेपोत मला विचारतेत!" कुणी ऐकेना. फेराचा तिसरा की चौथा वेढा चालू होता. तेवढ्यात खिडकीची काच धाडकन सरकली आणि माझ्या बहिणीनं अर्धं अंग बाहेर काढलं.

"याडी, बाजूला व्हा ना समद्या! पहिलंच प्रॅक्टिकल हाय, मला उशीर होऊन राहिला!"

फेर फुटला. बाया हसत, धावत कडेला झाल्या, आणि गाडी धूळ उडवत निघाली. आम्ही सगळे हात हलवत होतो. तिनं मात्र मागं वळून पाहिलं नाही. वस्तीतली तिची मैत्रीण मागून चढली होती, आणि ती तिच्यासाठी शेजारची जागा हातानं अडवून धरण्यात गुंतली होती.